मौन सुटलं ते सोनोग्राफीच्या खोलीत

थायरॉईडची गाठ काढायचं ठरलं, तेव्हा सर्जन म्हणाले, "आवाजाची नस तिथूनच जाते. धोका कमी असतो, पण असतो." मी फक्त धोका ऐकला. जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीतल्या मंदिरात संध्याकाळची आरती मी म्हणते. आवाजच गेला तर देवाला द्यायला माझ्याकडे उरतं काय? हट्टी तर मी जन्माचीच. सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन सांगून टाकलं, "ऑपरेशन होईपर्यंत मौन. आवाज तू सांभाळ." घरात खाणाखुणा सुरू झाल्या. "लग्न झाल्यापासून एवढी शांतता पाहिली नव्हती," असं हे म्हणाले, तेव्हा मी नुसते डोळे वटारले.

ऑपरेशनआधी दोन्ही स्वरतंतू नीट हलतात का, ते गळ्यावरून सोनोग्राफी करून बघायचं होतं. गळ्याला जेल लावून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता लांब 'ई' म्हणा." मी मानेनेच नाही म्हटलं. ह्यांनी ओशाळून मौनाचं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. "तंतू जुळताना दिसल्याशिवाय सर्जनना काय कळवू? जरा बाहेर बसून विचार करा," म्हणाल्या.

बाकावर मी धुसफुसत बसले. देवाला दिलेला शब्द मोडायचा कसा? शेजारी होटगीहून आलेली एक म्हातारी होती. ह्यांनी तिच्यापाशी माझं गाऱ्हाणं मांडलं. ती माझ्याकडे वळली.

"पोरी, आवाज त्याच्या हवाली केलास न्हवं? मग आता मागायलेत तर देत का न्हाईस? धरून तर तूच बसलीस की!"

मला रडूच फुटलं. आवाज सोपवलाय म्हणत मी तो मुठीत आवळून बसले होते. डोळे पुसले, आत गेले आणि "ई" म्हटलं. इतक्या दिवसांनी आवाज गंजक्या दारासारखा करकरला. पडद्यावर दोन बारीक पट्ट्या टाळांसारख्या जवळ आल्या, दूर झाल्या. "दोन्ही सारखे हलतायत," बाई म्हणाल्या. म्हातारीच्या पाया पडावं म्हणून बाहेर आले, तर बाक रिकामा. तिचा नंबर लागला असेल. पुन्हा काही ती दिसली नाही.

ऑपरेशन पार पडलं. आवाज आहे, पण घोगरा. वरचा सूर अजून लागत नाही. तरी आरती सोडलेली नाही. घसा मध्येच बसतो, मंडळी पुढचं कडवं उचलतात, आणि मला आता त्याची लाज वाटत नाही. देवापुढे उभी राहिले की "सांभाळ" म्हणत नाही. "घे" म्हणते, आणि तोंड उघडते.