सहापैकी दोन घरं

मळ्यावरच्या घरासाठी रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला, तेव्हा बंदुकीच्या दुकानदारानं मला अर्धा तास दारात उभं ठेवलं होतं. पायातली चप्पल बघून त्यानं माझी लायकी ठरवली, असं मी धरून चाललो. कधीकाळी मी दुसऱ्याच्या यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरायचो. आज आठ माग माझे आहेत. पण ते उभं राहणं विसरलो नाही.

त्यामुळं यंदा दसऱ्यानंतर त्याच्याकडून आणलेली नवी काडतुसं रिव्हॉल्व्हरमध्ये बसेनात, तेव्हा राग आला आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. दुकानात चार गिऱ्हाईकं होती. मी डबा काउंटरवर आपटला.

"असला खोटा माल विकता?"

"काका, हत्यार घेऊन या, बघू की."

"हत्यारात खोट न्हाय, तुमच्या नियतीत हाय!"

डबा उचलून घरी आलो. डोकं निवलं आणि मग प्रश्न पडला, अडतंय तरी कुठं? सुताची कांडी धोट्यात, म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या नळीत, बसेना, तर विणकर तीच कांडी दुसऱ्या धोट्यात घालून बघतो. तिथं बसली, तर दोष पहिल्या धोट्याचा. मी रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री केली, सिलिंडर उघडलं आणि त्यातल्या काडतुसांच्या सहा घरांपाशी खडूनं आकडे घातले. एकच काडतूस घेऊन फिरत गेलो. पहिल्या तीन घरांत ते अलगद उतरलं. चौथ्यात निम्मं जाऊन अडलं, पाचव्यातही. सहाव्यात पुन्हा सुळकन खाली. दुसरं काडतूस घेतलं, तिसरं घेतलं. अडायची ती चौथ्या-पाचव्यातच. जोर लावला नाही. काडतुसाशी जबरदस्ती करायची नसते, एवढं कळत होतं.

म्हणजे माल चोख होता. हे पचायला जड गेलं.

बॅटरीच्या उजेडात आत काळपट लाल थर दिसला. कापसाचा बोळा फिरवला, तर तो चिकट. तेवढ्यात बायको आली.

"गंज चढलाय," मी म्हणालो.

तिनं बोळा नाकाशी धरला. "गंज कसला? तेलातलं कुंकू हाय हे. खंडेनवमीला मागाशेजारी पाटावर हत्यार कुणी मांडलं होतं? मी म्हटलं, मिटवून ठेवा. तर म्हणे, असू दे उघडं, देवीला सगळं दिसाय पाहिजे!"

उघड्या सिलिंडरवर कुंकवाची दोन बोटं मीच ओढली होती. दोनच घरं भरली होती.

घरं पुसून लख्ख केली. सहाही काडतुसं बसली, ती काढून ठेवली आणि सकाळी, गर्दी नसेल अशा वेळी, दुकानात गेलो. दुकानदार एकटाच होता. मी कुंकवाचं सांगितलं. तो हसला.

"दरसाल दसरा झाला की दोघं-तिघं येतातच."

"मग त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठं?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाहीत.

त्यानं स्टूल पुढं सरकवलं. "बसा काका. चहा सांगतो. चार गिऱ्हाईकं येऊ द्यात, मग हेच पुन्हा म्हणा की."

मी बसलो.