पेल्याच्या नाकावरचा शेंदूर

सुमनवन्स गेल्या त्याला आता दीड महिना झाला. नगरच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी त्यांचंच कपाट पुसत होते. आदल्या दिवशी तिथं जाऊन भेटले तर तब्येतीचं अवाक्षर न्हाई, म्हणाल्या, “वहिनी, माझं कपाट तेवढं मोडू देऊ नका.” मी हो म्हणाले...

वन्स म्हणजे माझी नणंद. सोनईत शाळेवर चित्रकला शिकवायच्या. लग्न केलं नाही, कपाट केलं, असं त्याच सांगायच्या. नगरच्या जुन्या बाजारात, कुठल्याशा बंगल्यातून निघालेल्या सामानात त्यांना ह्या कपाटातला पहिला पेला सापडला. चिनी मातीचा, तपकिरी, वर अख्खा चेहरा कोरलेला, डोळे वटारलेला, दात विचकलेला. कुणी हात लावीना, वन्सांनी पदरात गुंडाळून आणला. मग वाचून वाचून छडा लावला. फार वर्षांमागं अमेरिकेतल्या हॉटेलवाल्यांना पॅसिफिक समुद्रातल्या बेटांचं वेड लागलं होतं. तिथल्या देवांचे चेहरे बघून त्यांनी आपल्या मनानंच असे पेले, बांबूचे दिवे घडवले. “बेटावरच्या माणसांना विचारलं बी न्हाई कुणी,” हे वन्स येईल त्याला ऐकवत. पुढं हवाइयन गिटारच्या तबकड्या आल्या, माडांची चित्रं असलेले शर्ट आले. गाव हसायचं. ह्या डबल हसायच्या.

खरी गंमत केली सासूबाईंनी. एका सकाळी बघतो तर पेल्याच्या नाकाला शेंदूर, पुढं गुळाचा खडा.

“आई, अगं देव न्हाई तो, सरबताचा पेला हाय!”

“असंल. म्हसोबावानी डोळे वटारून बसलाय. उपाशी ठेवू व्हय त्याला?”

वन्स आधी चिडल्या, मग पोट धरून हसल्या. “हॉटेलवाल्यांनी देवाचा पेला केला, आईनं पेल्याचा देव केला!” शेंदूर पुसला न्हाई. सासूबाई गेल्यावर तर दर दसऱ्याला स्वतःच तेलात कालवून लावायच्या.

पुण्याच्या एका संग्राहकांना तोच पेला हवा होता. “शेंदूर काढला की नव्यासारखा दिसेल,” म्हणाले. वन्स म्हणाल्या, “मग नवाच बघा की.” वन्सांचं दिवसकार्य झाल्यावर ते पुन्हा आले, अख्खं कपाट मागायला. मी त्यांना वन्सांच्याच एका पेल्यातून उसाचा रस दिला आणि सांगितलं, “बघायला कधीबी या. न्यायला नको.” असं कपाट जिल्ह्यात दुसरं असंल तर दाखवा मला!

परवाच्या दसऱ्याला शेंदूर मी लावला. तेल जरा जास्त झालं, थोडा दातांवर ओघळला. पुसायला पदर उचलला... आणि राहू दिला. वन्स असत्या तर पोट धरून हसल्या असत्या.