पथ्याआधी ताट पाहणाऱ्या कुमुदताई

कुमुदताई म्हात्रे यांची आणि माझी ओळख विरार पूर्वेच्या एका चाळीत झाली. मी आरोग्य केंद्रात नवी कार्यकर्ती होते. आगाशीच्या कुमुदताई परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, तरी मधुमेही बायकांच्या घरी आमच्याबरोबर येत असत.

त्या दिवशी आम्ही त्याच चाळीतल्या, बिहारहून आलेल्या सुनैनाभाभींकडे गेलो. त्यांची साखर उतरत नव्हती, पायाची जखम चिघळली होती आणि बोट काढावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी दिलेला पथ्याचा कागद भिंतीवर नुसताच चिकटवलेला पाहून मी रागावले. भाभी मान खाली घालून म्हणाल्या, "दीदी, इसमें हमारा खाना ही नहीं है."

ताई ओट्यापाशी बसल्या आणि आपल्या हिंदीत म्हणाल्या, "आज मैं इधरच खाएगी. रोज का वही परोसो."

ताटात भाताची रास, बटाट्याचा चोखा, म्हणजे त्यांच्याकडचं भरीत, आणि पळीभर डाळ आली. ताई चवीने जेवल्या. मग त्यांनी गावाकडच्या जेवणाची चौकशी केली. भाभी संकोचल्या. "मडुआ की रोटी, सत्तू. गरीबों का खाना."

मडुआ म्हणजे आपली नाचणी. "आमच्या घरीही तीच भाकरी होते," ताई म्हणाल्या. मग दोघींनी मिळून ताट नव्याने लावलं: भात थोडाच किंवा त्याऐवजी एक भाकरी, डाळ भरपूर, चोखा वांग्याचा, भाजलेल्या चण्याच्या पिठाचं सत्तू बिनसाखरेचं. गोळ्या मात्र एकही चुकवायची नाही, हे ताईंनी दोनदा वदवून घेतलं.

परतताना मी ओशाळले होते. ताई म्हणाल्या, "कागद मीही पुष्कळ वाटले. माझ्या वॉर्डातल्या एका बाईंचा पाय गेला, तेव्हा लक्षात आलं, त्यांच्या घरी काय शिजतं ते मी कधी विचारलंच नव्हतं."

भाभींची जखम भरायला चार महिने लागले. बोट वाचलं. आज शेजारी राहणाऱ्या कोकणातल्या, उत्तर प्रदेशातल्या बायकांना वांग्याचा चोखा भाभीच शिकवतात आणि ताई मागे बसून ऐकतात.

पंचाहत्तरी गाठलेल्या ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे. स्वतःची रक्ततपासणी मात्र त्या गेले वर्षभर पुढे ढकलत आहेत. म्हणून सोमवारी सकाळी भाभी आणि मी त्यांना न्यायला आगाशीला येत आहोत. ताईंनी कृपया उपाशीपोटी राहावे.