मामांच्या जीपचा मागचा एक्सल

मामा गॅरेजात आले की खांद्यावरचा टॉवेल टेबलावर ठेवायचे. टॉवेलात तुटलेला एक्सल. दोन तुकडे, पुसूनबिसून आणलेले. मग म्हणायचे, "मिस्त्री, मोडला. पण रुतलो न्हाई."

"मामा, एक्सल मोडला म्हणजे गाडी तिथंच उभी राहिली. मग रुतल्यात अन् मोडल्यात फरक काय?"

"फरक हाय."

"मग घरी कशी आणली?"

"बैलानं."

आता या माणसाशी काय बोलायचं, तुम्हीच सांगा.

नाव सांगत नाही. घनसावंगीच्या बाजूला ज्यांनी त्या काळात जीपनं प्रवास केला, त्यांनी मामांना पाहिलं असणार. सगळ्यांच्या जीपा रस्त्याला टेकलेल्या, मामांची मात्र वर उचललेली. डिस्पोजलच्या लिलावात निघालेल्या मिलिटरी गाडीची चाकं त्यांनी आपल्या जीपला बसवली होती. ती इतकी उंच झाली की म्हाताऱ्यांना चढता येईना. मग मामांनी एक लोखंडी स्टूल ठेवलं. स्टँडवर स्वतः उतरायचे, स्टूल मांडायचे, सवारी चढली की उचलून मागच्या फळीला अडकवायचे. एका आजीबाईंनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "बाबा, मला घनसावंगीला जायचंय, माडीवर न्हाई." मामा हसले नाहीत. स्टूल जरा पुढं सरकवलं.

चाकं मोठी घातली की गाडी चिखलात तरते, हे खरं. पण चाक जेवढं मोठं तेवढं ते फिरवायला जोर जास्त लागतो, आणि तो सगळा जोर जातो एक्सलवर. एक्सल मात्र जीपचाच, बारीक. तो बिचारा पिळायचा आणि गिअरात बसणाऱ्या दातांपाशी तुटायचा. तुकडे चरकातून निघालेल्या उसासारखे दिसायचे. मी हे मामांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा टॉवेल घेऊन हजर! मी हात टेकले.

शेवटी एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मामा, ही चाकं काढा नाहीतर दुसरा मिस्त्री बघा. कुणासाठी चाललंय हे सगळं?"

मामांनी टॉवेलाची घडी घातली. म्हणाले, "पोरगी दिलीय नदीकाठच्या गावात. मधे शेतातल्या वाटेची पांदण हाय, सारी काळी माती. गेल्या साली तिला कळा सुरू झाल्या अन् माझीच गाडी पांदणीत रुतली. लेकरू गेलं." आणि लगेच, त्याच आवाजात, "औंदा पुन्हा दिवस गेलेत तिला. मंग एक्सल कवा देतो?"

त्यानंतर मी त्यांना चाकं काढा म्हणालो नाही.

मी कामालाच लागलो. एमआयडीसीत वितळायला जाणाऱ्या भंगारातून एका मिलिटरी गाडीचा मागचा अख्खा एक्सल शोधला, मनगटाएवढा जाड. लेथवर कापून जीपच्या मापाचा केला. आतले गिअर असे बसवले की चाक हळू फिरेल, पण ताकदीनं फिरेल. हळू म्हणजे इतकं हळू की सायकलवाले मामांना रामराम घालून पुढं जायचे. सवाऱ्या दुसऱ्या जीपला जाऊ लागल्या. मामांना त्याचं काहीच नव्हतं. मिळतील तेवढ्यांना बसवून ते मुद्दाम चिखलातून न्यायचे. "रिकामी गाडी खोटं बोलती," म्हणायचे. सवाऱ्यांना आपण वजनाला बसलोय हे ठाऊक नसायचं.

पोरीला सातव्यातच माहेरी आणायचं मामांच्या मनात होतं. पण तिची सासू अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरं बाईमाणूस नाही. पोळा झाला की आणू, असं ठरलं. पोळ्याच्या आधीच एका दुपारी निरोप आला. मी नेमका फॅनचा नवा पट्टा बसवायला मामांच्या गावी गेलो होतो. मामा म्हणाले, "बस गाडीत. काही मोडलं तर तू पायजे."

जाताना पांदण बराबर पार झाली. पोरीला घेतलं. मागं आडवी हो म्हटलं तर म्हणाली, मागं धक्के बसतात, मी आबांजवळच बसते. मी आणि जावई मागं बसलो. गाडी पुन्हा पांदणीत शिरली. पाऊस नुकताच उघडला होता, चिखल लोण्यासारखा. माझा जीव त्या एक्सलला टांगलेला.

ऐन मधे, जिथं सगळ्यात खोल होतं, तिथं पोरगी म्हणाली, "आबा, थांबा. कळ आली."

आणि मामांनी गाडी थांबवली!

मी ओरडलो, "मामा, थांबू नका! इथनं गाडी पुन्हा उठायची न्हाई, एक्सल जाईल!"

मामांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खाली उतरले, नडगीभर चिखलातून मागच्या चाकापाशी गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. चांगला वेळ. मी म्हटलं, "एक्सल नंतर बघा हो!" मग ते आले, बसले, पहिला गिअर टाकला आणि क्लच असा सोडला की मला कळलंही नाही. चाकांनी माती धरली. मागून खाडकन आवाज आला. मी डोळे मिटले. जावई म्हणाला, "स्टूल पडलं."

गाडी वर आली. संध्याकाळच्या आत घनसावंगीच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी धडधाकट. मामांनी मला पेढा दिला आणि म्हणाले, "एक्सल बरा हाय."

पुढं पांदणीवर डांबर पडलं. मामाही गेले. जीप गोठ्याशेजारी उभी राहिली. ती विकायची म्हणून पोरगी मला बोलवायला आली. जीपपाशी उभं राहून मी तिला सांगितलं की तो किस्सा मी गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगतो, चिखलात कधी थांबू नये म्हणून. तिला हसू येईल असं वाटलं.

ती म्हणाली, "कळ कुठली आल्ती, काका. आबांचे हात इतके कापून राह्यले होते की स्टिअरिंग धरवंना. आदल्या साली रुतलो ती हीच जागा होती. तुमी मागं बसल्ते, आमचे हे बसल्ते. तुमा दोघांदेखत आबांना थांबा कसं म्हणू? म्हणून माझी कळ सांगितली. खाली उतरून रडून घेतलं त्यांनी."

"एक्सल बघत नव्हते?"

"न्हाई."

मी जीपभोवती एक चक्कर मारली. मग तिच्याकडं पाठ करून, खाली वाकून एक्सल बघत राहिलो. तिनं विचारलं, "काका, काय येईल हिचं?"

रोज दहा गाड्यांच्या किमती सांगणारा मी. म्हणालो, "एक्सल बरा हाय."