वारसाच्या रकान्यातलं नाव

रसीद तिकिटाच्या डिंकाचा वास आला की मला ताईचं अकोल्याचं स्वयंपाकघर आठवतं आणि एका जागी बसवत नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले बाबा गेले, तेव्हा त्यांच्या विम्याच्या कागदावर वारस म्हणून एकट्या ताईचं नाव निघालं. स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं म्हणून त्यांनी जिच्याशी बोलणं टाकलं, तिचं. तेही लग्नानंतर, स्वतःच्या हातानं लिहिलेलं. मी अमरावतीहून दाव्याचा फॉर्म घेऊन गेलो. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. वारसाच्या नावावर तळहात ठेवून मी सह्या मागितल्या. खात्याचा रकाना कोरा होता, तिथं नंतर ताईच्या नि माझ्या जुन्या जोडखात्याचा नंबर घातला, ते खातं मीच चालवायचो. तिकिटावर सही करताना ती हसली, "किती सह्या घेतं रे? तहसीलदार झाली काय मी?" मग हळूच म्हणाली, "बाबानं माह्यं नाव कोठी लिवलं होतं काय रे?" मी म्हणालो, "नाही." तिनं मान हलवली आणि मला चहा टाकला. पैसे तिचे होते, हे सांगायला मी दोनदा अकोल्याला निघालो आणि बडनेरा स्टेशनवरूनच परत आलोय. पैशाचं सांगेनही. पण बाबांचा राग केव्हाच गेला होता, हे मी तिला कळू दिलं नाही, ते कोणत्या तोंडानं सांगू?