खिळ्यांचे बूट

परोपकाराची खाज मला पहिल्यापासूनच. साठीच्या कोवळ्या वयात तर मी परतूरच्या बसस्टँडवर एका अनोळखी पोरीच्या बुटांचे खिळेच काढून घेतले होते.

"आज्जी, लक्ष ठेवा हं," म्हणून ती बॅग माझ्यापाशी ठेवून नळावर गेली. बॅगेतून बूट डोकावत होते आणि तळव्यांना टोकदार खिळे! पोरीच्या पायात घुसतील म्हणून मी ते शेजारच्या पॉलिशवाल्यापुढं धरले. त्यानं पकडीनं पिळून एका बुटाचे खिळे काढलेसुद्धा.

ती परतली तेव्हा मी शाबासकीची वाट पाहत होते.

"आवो आज्जी, हे पळायचेच बूट हायेत! मातीत पाय घसरू नये म्हणून खिळे असतेत. आज जालन्याला निवडीची शर्यत हाय माझी!"

ती रडली नाही, भांडलीही नाही. मांडी घालून बसली आणि एकेक खिळा पिळून बसवू लागली. बसवला की लेकराचा दात पाहावा तसा हलवून पाही. एक मात्र गटारीत गेला, तो गेलाच.

दिवसभर मला चैन पडेना. संध्याकाळी पुन्हा स्टँडवर जाऊन बसले. ती बसमधून उतरली. निवड झाली नव्हती. माझं तोंड पाहून तीच हसली.

"खिळ्याला बोल लावू नका, आज्जी. तो असता तरी जिची निवड झाली ती पोरगी माझ्या पुढंच असती. लई पळती वो ती! मी तर बघतच राह्यले."