सोनाळ्याच्या नाल्याचा काठ

साहेबांनी जीपमधून उतरताच विचारलं, "मंजूर झालेला बांध कुठे आहे?"

समोर बांध नव्हता. होती निरगुडीची झुडपं, बोरी आणि कमरेएवढं गवत. मी कृषी खात्यात सुपरवायझर होतो आणि तपासणीला आलेले साहेब माझे वरिष्ठ. नवं राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि मातीचे बांध घालणं हेच आमचं मुख्य काम होतं. बांध म्हणजे उतारावर आडवी घातलेली मातीची भिंत. पाणी अडतं, माती थांबते. निदान थांबायला हवी.

सोनाळ्याच्या नामदेवरावांच्या पाच एकरांत ती थांबली नाही. त्यांचं वावर नाल्याला लागून होतं. आम्ही घातलेला बांध पहिल्या वर्षी फुटला. दुरुस्त केला, पुन्हा फुटला. दर पावसाळ्यात काठ ढासळायचा आणि दोन-तीन हात जमीन नाल्यात जायची. मी तिसऱ्या, दगडी बांधाची मंजुरी आणली. आखणीला गेलो तेव्हा नामदेवरावांची बायको पूर्णाबाई मला म्हणाल्या, "साहेब, आमच्या सासूबाईच्या टायमाले इथं निरगुडी होती, बोरी होत्या. तवा माती जात नव्हती."

"मग ते गेलं कुठं?"

"आम्हीच तोडलं. कपाशीच्या चार ओळी जास्त भेटतील म्हणून."

नामदेवराव खाली मान घालून उभे होते. मी टेप गुंडाळला. काठापासून पंधरा पावलं जागा सोडायची असं ठरलं. तिथं नांगर नाही, चराई नाही. निरगुडीला बकरी तोंड लावत नाही, म्हणून तिच्या फांद्या बाहेरच्या बाजूला लावल्या. आत बोरीच्या बिया टोकल्या, डोंगराकडून आणलेलं गवताचं बी टाकलं. फाइलमध्ये मी लिहिलं, 'बांधाचे काम लांबणीवर.' ते खरं नव्हतं; बांध घालायचाच नव्हता.

पहिल्या पावसाळ्यात अर्ध्या फांद्या वाहून गेल्या. गावात लोक विचारायचे, "काऊन हो नामदेवराव, वावरात जंगल लावून राह्यले काय?" ऐकून ऐकून एक दिवस ते वखर घेऊन निघाले. पूर्णाबाई बैलांपुढे उभ्या राहिल्या. "एक पावसाळा अजून पाहू. नाही जमलं तं मीच वखर धरीन."

दुसऱ्या पावसाळ्यात गवतानं जमीन धरली. तितर आले, मुंगूस दिसू लागलं. ससेही आले आणि हरभऱ्याचे शेंडे खाऊन गेले. त्याबद्दल नामदेवरावांनी मला मनापासून शिव्या दिल्या.

आणि आता साहेब उभे होते.

"सरकारी मंजुरीचं तू जंगल केलंस?"

मी तोंड उघडण्याआधी पूर्णाबाई बोलल्या. "त्यायले काऊन बोलता? जागा आमची, काम आमचं. खाली उतरून पाहा ना एकदा."

साहेब नाल्यात उतरले. शेजारच्या वावराचा काठ ताजा तुटलेला होता, पुरुषभर उभा. कपाशीची झाडं मुळांसकट लोंबत होती. इकडे काठ उतरता होता आणि गवताच्या बुडाशी वीतभर गाळ साचला होता. साहेबांनी तो गाळ हातात घेऊन चोळला.

वर आल्यावर म्हणाले, "इथे बांध नको." पूर्णाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. मला हायसं वाटलं. तेवढ्यात साहेब माझ्याकडे वळले. "पण फाइलमध्ये तू खोटं लिहिलंस. मेमो मिळेल."

मेमो आला, पंधरवड्यात. त्याच टपालानं दुसरं पत्र होतं: आसपासच्या गावच्या शेतकऱ्यांना हा काठ दाखवायला न्यावे. दोन्हींवर सही साहेबांचीच.

नंतरच्या नोकरीत मी पुष्कळ बांध घातले, काही फुटलेही. पण आखणी करण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लागली: इथे आधी काय होतं? बहुतेक वेळा उत्तर घरातल्या बाईला ठाऊक असे, आणि तिला तोवर कोणी विचारलेलं नसे.